आरसे कुणाच्या उंचीला

मंगळवार, संध्याकाळ. कुडवा.

कोडमधलं प्रत्येक फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते दाखवणारं, मी लिहिलेलं टूल पल्लवीच्या लॅपटॉपवर अडकून पडलं होतं. ती टीममध्ये नवी, सडक अर्जुनीला घरूनच काम करते. दोन दिवस गप्प होती. आज फोनवर म्हणाली, "ताई, मले वाटलं मीच काही बिघडवून ठेवलं."

टूल सुरू केलं की बाहेरच्या सगळ्या लायब्रऱ्याही, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोडही, चाळत बसतं; साधा लॅपटॉप त्यातच अडकतो. ते सेटिंगमधून बंद करता येतं, असं मी कोरडेपणाने सांगितलं.

"सेटिंग असते हेच मले माहीत नव्हतं जी."

मी ते मुळातच चालू का ठेवलं होतं? माझ्या मशीनला झेपतं म्हणून. एवढंच.

मग आई बाजारातून आली. आम्हा दोघींची एकच स्कूटी; ती लावताना रोजच्यासारखे दोन्ही आरसे माझ्या उंचीला फिरवले.

"कायले फिरवून राहिली रोज?"

"तू तं न पाहताच निघतेस वं. मागून ट्रक आला त?"

आत येऊन टूलमधलं लायब्रऱ्या चाळणं सगळ्यांसाठीच बंद केलं; ज्याला हवं तो चालू करेल. पल्लवीला कळवलं की चूक माझी होती. ते एक वाक्य लिहायलाच जास्त वेळ लागला.

उद्या सकाळी स्कूटी आधी आई नेणार. आत्ता अंगणात जाऊन आरसे तिच्यासाठी लावून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नेमके किती खाली करायचे ते माहीत नव्हतं, म्हणून सीटवर तिच्याएवढी वाकून बसले.