खुर्चीचं तोंड मागंच राहू द्या

अहो,

मी ड्युटीला चालले. प्रज्ञेशची गाडीतली खुर्ची तुम्ही पुढं तोंड करून बसवली होती, ती मी पुन्हा मागं फिरवलीय. वसमतला आजीकडं नेताना तशीच राहू द्या.

काल औंढ्याहून येताना एसटीला म्हैस आडवी आली. ब्रेक असा लागला की आमची सगळ्यांची डोकी पुढच्या दांडीवर आपटली. ड्रायव्हरच्या मागच्या उलट्या बाकावर शेजारच्या भागूबाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्यांची पाठ नुसती बाकाला दाबली गेली, लेकरू जागंसुद्धा झालं न्हाई! असं काहून झालं, तेच तेव्हापासून डोक्यात घोळून राहिलंय. दीड वर्षाचं पोरगं, डोकं केवढं अन् मान केवढीशी. झटका बसला तर तो अख्ख्या पाठीनं झेलावा, एकट्या मानेनं न्हाई.

पाय मुडपतात म्हणता? जेवताना मांडीच घालतो की तो.

तुमचं तोंड दिसत न्हाई म्हणून रडतो, हे मात्र खरं. मग बोलत राहा, आवाज ओळखतो तो तुमचा. पण मागं वळून बघू नका, अन् तुमचा तो वेग आवरा. रडत घरी आलेलं लेकरू मला चालतं.

सरिता