काचेवरचा लाल धागा

दादा,

काल ग्लायडिंग क्लबच्या हँगरमध्ये बाबांची शोकसभा झाली, तेव्हा तुझं भाषण मी शेवटपर्यंत ऐकलं. लोक त्यांना 'घार' म्हणायचे, हे तू कौतुकानं सांगितलंस. ते होते तोवर त्याच नावाची तुला लाज वाटायची.

फोटोसाठी तू त्यांचं बिनइंजिनाचं ग्लायडर पुसून घेतलंस. काचेवर चिकटवलेला लोकरीचा लाल धागा "घाण दिसतोय" म्हणत तूच नखानं खरवडलास. अरे, ग्लायडर तिरकं जायला लागलं की वाऱ्यानं तो धागा वाकडा होतो. त्याच्याकडे बघूनच बाबा सरळ उडायचे. विकतचा धागा त्यांना चालायचा नाही. झिजला की आई गेल्यावर जपून ठेवलेल्या तिच्या स्वेटरची बाही उसवून नवा लावायचे. वर गेले की त्या धाग्याशी बोलायचे. रेडिओचं बटण दाबलेलं राहिलं, की खाली आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं, "चुकलं गं माझं, आता बघ, सरळ घेतो."

खाली पडलेल्या त्या धाग्यावर बूट ठेवून तू फोटोला उभा राहिलास.

हे पत्र पाठवत नाही. पुढच्या सभेत तू हेही डोळे पुसत वाचून दाखवशील.

नाइलाजानं तुझीच,
बहीण