तुझ्या आईचं कमळ मी कापलं

प्रिय पोरी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण तुला माहीत आहे, तेव्हा अक्षर लावून लावून वाच. तुझ्या बाबांना लिहायला सांगितलं असतं तर त्यांनी पहिल्याच ओळीत माफी मागून टाकली असती, आणि मला माफी मागायची नाही. तुझ्या आईचं कमळ मी कापलं. पाव कापायच्या सुरीने कापलं. तुझे बाबा फोन कानापासून हातभर लांब धरून बोलतात, त्यामुळे तू काय म्हणालीस ते मी ओट्याशी उभी राहून सगळं ऐकलं. आईच्या वस्तूला हिने हातच का लावला, आणि आता सुट्टीत मी येत नाही. बरं. आता माझंही ऐक, आणि अर्ध्यात कागद फाडू नकोस.

तुझी आई गेल्यावर मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा परसातलं तळं म्हणजे नुसतं हिरवं डबकं होतं. हे साफ का करत नाही म्हणून विचारलं, तर तुझे बाबा म्हणाले, ते तिचं आहे, राहू दे. मी राहू दिलं. दिवसभर लॉन्ड्रीत लोकांच्या चादरी धुऊन आल्यावर घरी तळं धुवायची हौस कोणाला असते. पण यंदाची थंडी फार वाईट गेली. सकाळी पाण्यावर बर्फाची साय धरायची. ती विरघळली तेव्हा दोन मासे पोट वर करून तरंगत होते. तू ज्याला हवालदार म्हणायचीस तो मोठा नारिंगी तेवढा वाचला, तोही तळाशी धापा टाकत होता. तुझ्या बाबांनी मेलेले दोन भिंतीकडेला पुरले आणि आत जाऊन पडले. तेव्हा मी म्हटलं, आता पुरे झालं.

रविवारी हवालदाराला कपड्यांच्या टबात, त्याच्याच जुन्या पाण्यात सोडलं आणि वर फाटका पडदा बांधला, कारण शेजारचं मांजर सकाळपासून येऊन बसलं होतं. मांजराची मालकीणही आली. म्हणाली, ब्लीचिंग टाका आणि ब्रशने घासून काढा. मी म्हटलं, अहो, हे तळं आहे, संडास नाही. अजून बोलत नाही ती माझ्याशी, तेवढीच शांतता. भिंतीवरचं मऊ शेवाळ मी मुद्दाम ठेवलं, माशाला ते लागतं. गाळ मात्र बादल्या भरभरून काढला. तो रात्रभर काठावरच ठेवला, म्हणजे त्यातल्या गोगलगाई आणि किडे आपापले पाण्यात परत जातात, आणि सकाळी गुलाबांच्या बुडाशी घातला. तू आलीस की वास येईल, आधीच सांगून ठेवते.

राहिली कमळाची टोपली. ती काही केल्या हलेना. तुझे बाबा काठावरून म्हणत होते, राहू दे, राहू दे. मी साडी खोचली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरले. टोपली ओढली तर ती हातातच फुटली. आत मातीचा कण नव्हता, नुसती मुळंच मुळं, एकमेकांचा गळा आवळून बसलेली. गड्डा मधोमध सडला होता. तूच आठव, त्याला शेवटचं फूल कधी आलं होतं. मी तर एकही पाहिलं नाही. नर्सरीवाला म्हणतो, तीन-चार वर्षांनी कमळ सोडवून वेगळं लावावंच लागतं, नाहीतर ते आपल्याच मुळांत उपाशी मरतं. तुम्ही दोघं त्याला हात न लावता जपत बसलात आणि ते मरायला टेकलं. कडक वाटलं तर वाटू दे. मी कापत असताना तुझ्या बाबांनी तोंड फिरवलं होतं, पण ते आत गेले नाहीत. मातीची कुंडी धरून उभे राहिले.

सडका भाग फेकला. डोळे फुटलेले दोन चांगले तुकडे निघाले. एक नव्या कुंडीत लावून तळ्यात विटांवर ठेवला आहे, पानं वाढतील तशा विटा काढायच्या. आत्ताच तांबूस पानं वर आली आहेत. दुसरा बादलीत आहे, तो तुझा. काठाला वेखंड आणि पिवळी आयरिस लावली. पाणकणीसही लावलं, पण कुंडीत, मोकळं सोडलं तर तळंच गिळून टाकतं. नर्सरीवाला मला जांभळ्या फुलांचं काहीतरी नाजूक दाखवत होता. विचारलं, थंडीत याचं काय. म्हणाला, उचलून घरात ठेवायचं. म्हटलं, घरात सांभाळायला मला माणसं आहेत. मी घेतलेली झाडं दिसायला साधी आहेत, पण थंडीत जमिनीसपाट होऊन उन्हाबरोबर आपली आपण उठतात.

आता खरं काय ते. तळं साफ झाल्यापासून तुझे बाबा संध्याकाळी स्टूल घेऊन तिथे बसतात आणि बोलतात. इतक्या वर्षांत माझ्यासमोर त्यांनी तुझ्या आईचं नाव काढलं नव्हतं, आता थांबत नाहीत. खड्डा किती खोल खणायचा यावरून ती कशी भांडली, यांचीच चांगली पँट घालून चिखलात कशी उतरली. मध्येच मला विचारतात, पोरीला गोवर आला तेच ते वर्ष ना, की त्याच्या पुढचं. मला काय माहीत. मी तिला पाहिलंसुद्धा नाही. मी हूं म्हणते, मग त्यांच्या लक्षात येतं आणि ते गप्प होतात. ते गप्प झालेले मला बघवत नाहीत. बाकी या घरातलं सगळं मला जमतं, हे एक जमत नाही. तेव्हा सुट्टीत ये. माझ्यावरचा राग घेऊनच ये, वाटलं तर माझ्याशी बोलू नकोस, मी स्वयंपाकघरात असेन. फक्त त्यांच्याशेजारी बस आणि सांग त्यांना, ते कोणतं वर्ष होतं.

तुझीच,
मावशी