तुझ्या नावाची सव्वा मूठ

मु. सावळखेडे, ता. चोपडा
१६ जुलै २०२५

चि. भूपेंद्र यास,

आबाचा आशीर्वाद. सौ. हेमलता आणि चि. लोकेश यांनाही सांग. मी बरा आहे. तुम्ही बरे असाल असं समजून चालतो, कारण तसं समजलं नाही तर मला झोप लागत नाही.

तू म्हणशील, फोन असताना कागद कशाला. फोनवर तू घाईत विचारतोस आणि मीही घाईत हो म्हणून टाकतो. फोन ठेवल्यावर आठवतं की हो म्हणायचं नव्हतं. कागदावर हो लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात विचार होतो. अक्षर लागलं नाही तर हेमलताकडून वाचून घे. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातलाही एक पावसाळा गुरं राखण्यात गेला.

इकडे पाऊस ठीक आहे. केळीची कापणी जोरात चालू आहे. लोकेशचा खोकला गेला का? सुरतेला खाडीचं पाणी रस्त्यावर आलेलं बातम्यांत दाखवतात. तुम्ही पाचव्या मजल्यावर राहता हे मला माहीत आहे, तरी काळजी वाटते.

तुझ्या नव्या घराला काही झालेलं नाही. स्लॅब गळत नाही. मोरीचं पाणी नीट वाहून जातं. पंखा तेवढा टकटक आवाज करतो, पण त्याची सवय होते. जुन्या घराचं म्हणशील तर ते होतं तिथेच आहे.

रस्त्याच्या कामाचे लोक गावात फार झालेत. रतिलालने त्याच्या चाळीतल्या बठ्ठ्या खोल्या त्यांना दिल्या, एकही ठेवली नाही. पूर्वी तिथे केळी कापणारे राहायचे. आता त्यातले काही बागेच्या बांधावर ताडपत्री टाकून राहतात, काही सातपुड्याच्या पाड्यांवरून येतात, अंधारात निघून. परवा रतिलालच पारावर बसून रडत होता, की त्याचा केळीचा ट्रक उभा आणि कापायला माणूस नाही, सगळे गडी गेले कुठे. मी म्हटलं, तुझ्याच खोल्यांतून गेले. तो हसला. मग म्हणाला, "आबा, तुमी बी तेच करशात. भूपेंद्रनं मले सांगेल शे."

तू त्यालाही सांगितलंस हे मला माहीत नव्हतं.

तू पाठवलेला त्या रस्त्याच्या कंपनीचा माणूस भाड्याचं बघायला येऊन गेला. घर बाहेरून बघितलं, त्याला आवडलं. किल्ली मागत होता. मी म्हटलं, नव्या घरात आधी कानबाई बसते, मग परका माणूस. हे खरंच आहे, मी बनवून सांगितलेलं नाही. तो लांबच्या मुलखाचा. म्हणाला, कानबाई म्हणजे भाडेकरू आहे का? मी म्हटलं, तसंच समजा. तो निघून गेला. मी चुकलो का ते कळव.

कानबाई देवी बसणार नागपंचमीनंतरच्या रविवारी, ३ ऑगस्टला. तुम्ही सगळे या. प्रकाशलाही पुण्याला कळवलं आहे. नैवेद्याच्या रोटाचे गहू मी निवडून ठेवलेत. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, मग तो तान्हा का असेना. तुझी, लोकेशची, प्रकाशची, त्याच्या दोन्ही पोरांची आणि माझी. तुझी आई गेल्यापासून धुरपदावहिनी रांधून देते, यंदाही देईल. यायचं जमणार नसेल तर आधी सांग, म्हणजे तेवढी मूठ

नाही, असं लिहू नये. या.

तुझा,
आबा


मु. सावळखेडे
१२ ऑगस्ट २०२५

चि. भूपेंद्र यास,

आशीर्वाद. तू फोनवर रागावलास त्याचं मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण तुझंही बरोबर आहे. तू विचारलंस, "आबा, घर बंद आहे तर पंखा आवाज करतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यानंतर फोन बंद झाला. रेंज गेली नव्हती. मीच बंद केला.

आता क्रमाने लिहितो.

तुझ्या घरात बिजला राहतो. तू त्याला पाहिलं आहेस, आपल्या बागेत घड कापायला येतो तो, उंच, कानात बाळी. त्याची बायको बुधीबाई केळीच्या पॅकिंगला जाते. मुलगी ममता, आपल्या गावच्या शाळेत चौथीत आहे. वर्षानुवर्षं ते रतिलालच्या चाळीत होते. भाडं कधी चुकवलं नाही, हे रतिलालही सांगेल. रस्त्याचे लोक आले आणि त्याने यांना खोली रिकामी करायला लावली. मग ते बांधावर ताडपत्रीखाली राहिले.

आषाढात एका दुपारी मी बाग बघायला गेलो. ताडपत्रीखाली पाणी शिरलेलं. बुधीबाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन उभी. ममता केळीचे क्रेट एकावर एक रचून वर बसली होती आणि मोठ्याने पाढे म्हणत होती. मला बघून पाढे थांबवून म्हणाली, "आबा, खाली बघून या, साप गेला आत्ता."

मी घाबरलो. तुला माहीत आहे मी कसा घाबरतो. त्या घाबरण्यातच तोंडातून निघून गेलं, की चला, घर रिकामं आहे.

बुधीबाई हलेना. म्हणाली, "भाऊला विचारलं का?" म्हणजे तुला. मी म्हटलं, विचारलं. हे मी खोटं बोललो.

पाड्यावर परत जा असं मी त्यांना एकदा म्हणून पाहिलं. तुझ्या बाजूने म्हणालो. बिजला म्हणाला, "आबा, पाड्यावर घर हाय, काम नाय. हितं काम हाय, घर नाय. दोन्ही एका गावात असतं तर मी तुमच्यासारखा पारावर बसलो असतो." आणि हसला. त्याला घरकुल मंजूर आहे, पण बांधायला स्वतःच्या नावावर जागा लागते. जागा नाही म्हणून घरकुलही नाही.

मी ठरवलं होतं की कानबाई झाली की त्यांना सांगायचं, बाबांनो, आता दुसरीकडे बघा, भूपेंद्रला घराच्या कर्जाचा हप्ता आहे. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तू येशील तेव्हा घर मोकळं दिसावं म्हणून शनिवारी त्यांनी आपलं सामान पॅकिंगच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं आणि स्वतःही तिथेच झोपले. बुधीबाईने जाण्याआधी फरशी पुसली. मी नको म्हटलं नाही.

तुम्ही आला नाहीत. सुट्टी मिळाली नाही, मला कळतं. प्रकाशच्या पोरांची परीक्षा होती, तेही कळतं. पण मुठी मी आधीच घेतल्या होत्या. कानबाईच्या नावाने मूठ घेतली ती परत टाकता येत नाही. चक्की धुऊन दळण झालं. वहिनीने कानबाईच्या नारळाला नथ घातली, गल्लीतल्या बायांनी गाणी म्हटली, सोमवारी देवीला नदीवर नेऊन आलो. घर एकदम रिकामं झालं. आणि सगळ्यांच्या वाट्याचं पीठ परातीत.

आपला नेम तुला ठाऊक आहे. रोट घरच्यांनीच खायचा आणि पुनवेच्या आत संपवायचा. टाकायचा नाही, गुराला घालायचा नाही, शेजारी द्यायचा नाही. वहिनीचे रोट भावांच्या वाटणीपासून वेगळे, तिला आपले चालत नाहीत. ती रोज त्या पिठाचं थोडं रांधून आणून द्यायची आणि मी खात बसायचो. माझे दात तुला माहीत आहेत आणि साखरही. दोन दिवसांत पोट बिघडलं. पुनव शनिवारी. मला घाम फुटला की हे संपायचं कसं, आणि नाही संपलं तर लोकेशला काही होईल का, तुझ्या नोकरीला काही होईल का. असले विचार मी करत नाही असं मी तुला नेहमी सांगतो, पण करतो.

गुरुवारी ते लोक सामान घेऊन परत आले. ममता माझ्यासमोर येऊन बसली. ताटाकडे बघत होती. म्हणाली, "आबा, तुम्ही एकटेच एवढ्या पोळ्या का खाता? तुम्हाला कोणी शिक्षा केली का?"

मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्यासमोर ताट सरकवलं.

बुधीबाई धावत आली. "नको आबा, तुमचा देव हाय. आमाले पाप लागंल." मी म्हटलं, पाप लागलं तर मला लागेल, माझं वय झालं आहे, मला ते फार दिवस वागवावं लागणार नाही. तिने बिजलाकडे बघितलं. बिजला हात धुऊन आला आणि पाटावर बसला. दोन घास खाऊन म्हणाला, "आबा, तुमची देवी माझ्या पोटात आली. आता मला भूक लागली की ती तुम्हाला बोलंल."

ममताने विचारलं, ही पोळी कोणाच्या नावाची? मी म्हटलं, भूपेंद्रच्या. तिने ती सगळी खाल्ली. तुला लिहिताना जड जातं, पण तुला कळायला हवं.

पुनवेच्या आदल्या दिवशी परात रिकामी झाली. मला हलकं वाटलं. मग भीती वाटली. मी वहिनीकडे गेलो आणि सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. फुंकणी हातातच राहिली.

"भाऊ, तुम्ही त्यासले रोट खावाडा?"

मी म्हटलं, हो.

"मंग आते त्या परका नही राहिनात. रोट खादा म्हणजे भाऊबंद. आते कसा काढशात घरमाईन?"

मी म्हटलं, वहिनी, अशी कशी भाऊबंदकी होते, त्यांची जात वेगळी, गाव वेगळं.

"माले काय सांगतस? कानबाईले सांगा." आणि फुंकणी माझ्याकडे रोखून म्हणाली, "आंडोरले तुम्ही सांगशात का मी फोन लावू?"

माझा आंडोर तू, म्हणून हे पत्र. तिने गल्लीत सगळ्यांना सांगितलं आहेच. रतिलाल भेटला तर म्हणतो, "काय आबा, नवीन भाऊबंद काय म्हणतात? वाटणी मागितली का?" लोक हसतात. मीही हसतो. काय करणार.

काल तुझा कंपनीचा माणूस परत आला. कानबाई गेली का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ती गेली, पण तिची माणसं थांबली आहेत. तो चिडला. तुला फोन केला असेल. म्हणून तू मला केलास.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. दोनदा पेन खाली ठेवलं.

जुनं घर होतं तिथेच आहे असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खरं आहे, फक्त ते आडवं आहे. मृगाच्या पावसात मागची भिंत बसली आणि तिच्यामागे छताचं धाबंही खाली आलं. मी समोर वहिनीच्या ओट्यावर चहा पीत होतो, मला काही लागलं नाही. माझी पेटी आणि तुझ्या आईचा फोटो बिजलाने मातीतून काढून दिला. काच फुटली नव्हती. तेव्हापासून मी तुझ्या घरात आहे. ते लोक नंतर आले. मी आधी आलो.

तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आबा, सुरतेला या. तू खरंच म्हणाला असतास. पण तिथे लोकेश हॉलमध्ये झोपतो आणि त्याची दहावी आहे. मी आलो की हेमलता काही बोलत नाही, फक्त सोफा भिंतीकडे सरकवते. तुम्हालाच जागा पुरत नाही, त्यात मी कुठे. नूतनकडे मेहरूणला जावं तर लेकीच्या सासरी किती दिवस राहणार. आणि तू नवं घर भाड्याने द्यायचं ठरवलंस तेव्हा आबा जुन्या घरात राहतील असं धरूनच ठरवलंस. ते घर नाही हे सांगितलं असतं तर तुझा हिशेबच बसला नसता. म्हणून सांगितलं नाही. नव्या घरात एकटा झोपायचो तेव्हा स्लॅबकडे बघत राहायचो, हाही पडेल का म्हणून. ते तिघे आल्यापासून झोप लागते. ममता झोपेतही पाढे म्हणते.

तेव्हा माझं मागणं असं आहे. जुन्या घराची जागा माझ्या नावावर आहे. मागची अर्धी बिजलाला द्यावी. तिथे त्याचं घरकुल होईल. पुढच्या अर्ध्यावर मी माझ्यापुरती एक पत्र्याची खोली घालीन. मग तुझं घर मोकळं, तुला द्यायचं त्याला दे. तोवर बिजला रतिलालला देत होता तेवढं भाडं तुला देईल. कंपनी देते तेवढं त्याला जमणार नाही. तुझी ओढाताण होईल, मला कळतं. ग्रामसेवक म्हणाला की नंतर भांडण नको म्हणून दोन्ही मुलांची संमती घ्या. प्रकाश म्हणाला, दादा करेल तिथे मी सही करतो. म्हणजे सगळं तुझ्यावर आलं.

तुला त्यांना काढायचंच असेल तर घर तुझं आहे, तू ये. मी नाही म्हणणार नाही, मला कोणाला नाही म्हणता येत नाही. पण सांगायचं तुझ्या तोंडाने. आणि कोणी कोणी बाहेर पडायचं तेही तेव्हाच सांग, कारण माझं अंथरूणही तिथेच आहे, पंख्याखाली.

पुढच्या कानबाईला तुझ्या नावाची मूठ मी घेणार. बिजलाच्या नावाचीही घेणार, ते आधीच सांगून ठेवतो. लोकेशला थंड पाणी देऊ नका.

तुझ्या घरात राहणारा,
तुझा आबा