पतंगाखालची उदबत्ती

बोरीवली, ६ जानेवारी १९८६

ति. लवूदादास शि. सा. न.

रागावलेल्या बहिणीचाही नमस्कार घ्यावा लागतो, म्हणून घे. गिल्बर्टकाकांच्या पालकाला रोग पडलाय, असं तू मरोळभर सांगत फिरतोस. सोबतचा फोटो बघ. पतंगाला कॅमेरा बांधून मी तो वरून काढलाय. शेतातला पांढुरका पट्टा तुझ्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीकडूनच येतो. रोग काय सरळ रेषेत चालत येतो?

धातूला मुलामा द्यायच्या प्लेटिंगचं अ‍ॅसिडचं पाणी तूच शेतात सोडतोस. फोटोत भिंत आली नाही, म्हणून रविवारी पुन्हा पतंग चढवणार. आणखी एक पीक गेलं तर काका शेत विकतील. त्यांच्याच बांधावर आपण पतंग उडवायला शिकलो. थोडी तरी लाज बाळग.

वहिनीस नमस्कार. लोभ उरला असेल तर असू दे.

वनमाला

मरोळ, १३ जानेवारी १९८६

चि. वनमालास आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

काल वर्कशॉपच्या पत्र्यावर उभं राहून तुझा पतंग मीच कापला. साधा दोरा घेऊन माझ्या मांजासमोर येतेस, अक्कल गहाण ठेवलीस काय? माझ्याकडे सहा माणसं पोट भरतात. पालकाच्या चार जुड्यांसाठी त्यांना घरी बसवू? पतंग कॅमेऱ्यासकट शेतात आपटला. कापलेला पतंग लुटेल त्याचा, हा आपला जुना कायदा. तेव्हा रडत बसू नकोस.

यंदा तिळगूळ पाठवू नकोस. गोड बोलायची माझी इच्छा नाही.

लवू

बोरीवली, २१ जानेवारी १९८६

ति. लवूदादास,

शि. सा. न. लिहायला हात धजत नाही.

कॅमेऱ्याला बांधलेली उदबत्ती तुला खालून दिसली नसेल. ती जळत रबर ताणून धरणाऱ्या बारीक दोऱ्यापर्यंत आली की तो दोरा तुटतो, रबर सुटतं आणि बटण दाबलं जातं. एका खेपेला एकच फोटो. तू पतंग कापलास तेव्हा ती जळतच होती.

पतंग काकांनी पालकातून उचलला. तुझ्याच कायद्याने पतंग त्यांचा, कॅमेरा त्यांचा. भिंग फुटलं, पण रोल शाबूत निघाला. फोटो तिरपा आलाय. भिंतीतून निघालेला पाइप दिसतो, त्यातलं पाणी थेट पालकात जाताना दिसतं, आणि वर पत्र्यावर तू हात उंचावून हसतोयस. काकांनी काल तो सरकारी कचेरीत दिला. साक्ष द्यायला मी जाणार आहे. वाईट वाटतंय, पण जाणार.

तुझा इतका हसरा फोटो घरात दुसरा नाही. वहिनीसाठी एक प्रत सोबत ठेवलीय.

वनमाला