टायटॅनियमची गरमी

लातूर एमआयडीसी,
१८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय शेषेरावकाका,
सप्रेम जय भीम. तुमचा रामराम पोचला असं धरून चालते.

चाकूरला हरभरा काढायला आला असेल. काकूंचा गुडघा कसा आहे? इकडे कारखाना जोरात आहे. हाडं सांधायच्या टायटॅनियमच्या पट्ट्या महिन्याला दोन हजार जातात, आणि तुमची मशीन मी चालवते. फुशारकी म्हणा हवं तर, पण टायटॅनियम कापायला माझ्याइतका बसलेला हात लातुरात दुसरा नाही.

तो बसवला तुम्ही. "लोखंडाची गरमी कापून पडलेला कीस घिऊन जातो, पोरी. ह्याची गरमी टूलच्या टोकालाच बसून ऱ्हाती. हळू चालव, पण मधी थांबू नको. धार चांगली दिसली तरी पंधरा नगांला बदल." मी तेव्हा डिप्लोमाच्या तोऱ्यात होते. धडधाकट टूल काढून टाकणं मला उधळपट्टी वाटायची.

काल धर्माबादची नवी ऑपरेटर तनुजा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मॅडम, स्पीड मी वाढवला. टूल जळालं. दुसऱ्या कुणाचं काही न्हाई." मान ताठ, आवाज नेहमीचा. मी रागवायचं सोडून खाली बसले.

काका, दोन वर्षांपूर्वी तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा मी स्पीडचं बटण शंभर टक्क्यांवरून एकशेवीसवर नेलं. तुमच्यापेक्षा जास्त नग काढून दाखवायचे होते. वीस नग झाले तरी टूल बदललं नाही. तुम्ही येताना दिसलात आणि मी बटण गुपचूप शंभरावर आणलं. तुम्ही मशीन सुरू केली, पहिल्याच नगाला टूल तुटलं, टूल फिरवणारा स्पिंडलही गेला. दहा दिवस काम बंद. आदिनाथशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "शेषेराव, वय झालं तुमचं. हात चुकायला लागला."

तुम्ही तुटकं टूल उचललं, जळकं टोक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हाव शेठ, माझ्याच हातून झालं." महिनाअखेरीस तुम्ही काम सोडून गावी गेलात आणि मशीन मला मिळाली.

तुम्हाला सगळं कळलं होतं, हे मला तिथेच कळलं. तरी दर दिवाळीला फोन करून तब्येत विचारत राहिले, जशी काही गुणाची पोर. लाज वाटते.

आज सकाळी सगळ्यांना मशीनभोवती बोलावून हे असंच सांगितलं. शेठ म्हणाले, "आता उकरून काय फायदा?" म्हटलं, "काकांचं नाव." मग शेठच म्हणाले, मीच जातो चाकूरला, पाय धरून घेऊन येतो. मी म्हटलं, आधी मी.

रविवारी नऊच्या बसने येते. शिव्या द्या, लई द्या. फक्त "जाऊ दे पोरी" म्हणू नका. ते मला सोसणार नाही.

तुमचं नाव खाऊन तुमच्याच हुन्नरावर मोठी झालेली,
पंचशीला