आईच्या फळीवरचं चीज

मन्रो, विस्कॉन्सिन
४ नोव्हेंबर १८९३

ती. फिलोमेनताईस, धाकट्या तेओदुलचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. रेल्वेचं काम सोडलं, मुकादम फार खेकसायचा. आता चीजच्या कारखान्यात तांब्याच्या कढया घासतो. मालक आपल्याच देशाचा, पण बर्नकडचा. त्याला आपली बोली कळत नाही, मला त्याची, म्हणून आमचं बरं जमतं. हेही सोडशील म्हणून आत्ताच हसू नकोस.

आईचा खोकला कसा आहे? वसंतात नक्की येतो म्हणावं. गेल्या वर्षीही असंच म्हणालो होतो, ते तिला आठवू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा तेओदुल


ग्रिमेंत्स
१० डिसेंबर १८९३

चि. तेओदुल यास अनेक आशीर्वाद.

आईने अंथरूण धरलं आहे. पाद्रीबाबा शेवटचं तेल लावून गेले. मरणाची तिला भीती नाही, तळघरातल्या रिकाम्या फळीची आहे. बाप्तिस्म्याला नाव कोरून ठेवलेलं चीज ज्याचं त्याच्या मर्तिकाला कापून वाढायचं, आणि तिचंच जागेवर नाही. तू निघालास तेव्हा फोडून तुझ्या पोत्यात भरलं, ते तिचं होतं. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. काका चारचौघांत म्हणाले, खांदेकऱ्यांना काय तेओदुलची पत्रं चघळायला देणार का.

तुझं चीज आहे, पण आई त्याला हात लावू देत नाही. जित्या माणसाचं कापलं की त्याची गावातली जागा गेली म्हणते. तू खरंच येणार आहेस का? तेवढं लिही.

माया असू दे.
तुझी ताई


मन्रो
६ जानेवारी १८९४

ती. ताईस सा. न.

ते चीज मी बोटीवर पत्ते खेळता खेळता वाटून खाल्लं. खारट म्हणून नावंही ठेवली.

मी येत नाही. या वसंतात नाही, पुढच्याही नाही. इथे सुखात आहे असं नाही, पण तिथे आलो तर आठवड्यात पुन्हा वाट धरीन, तू मला ओळखतेस. माझं चीज काप. आईला मात्र कळू देऊ नकोस. वरचं माझं नाव तासून तिचं कोर आणि शेजारणीने दिलं म्हण.

राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.
तेओदुल


ग्रिमेंत्स
११ फेब्रुवारी १८९४

चि. तेओदुल यास आशीर्वाद.

आई गुरुवारी गेली. तू लिहिलंस तसंच केलं. चीज तिच्या पांघरुणावर नेऊन ठेवलं. शेवटच्या दिवसांत नजर गेलीच होती, तिने नुसता हात फिरवला. तुझ्या चीजच्या कडेला एक खळगा होता, साच्यातून काढताना तिच्याच अंगठ्याने पडलेला. अंगठा तिथे जाऊन बसला.

रागावली नाही. एवढंच विचारलं, तिकडे तेओदुलला खांदा कोण देणार. मी म्हटलं, आहेत त्याचे सोबती. तर म्हणाली, नावं सांग.

तुझी सगळी पत्रं आठवून पाहिली, त्यांत मुकादम आहेत, मालक आहेत, नाव कुणाचंच नाही.

मर्तिकाला चीज सगळ्यांना पुरलं. काकांनी दोनदा मागून घेतलं.

पत्र पाठव, आणि त्यात कुणाचं तरी नाव असू दे.
तुझी ताई